झोप आणणारी बोट

"आमच्या बोटीत बसली की पोरं लगेच झोपतात," बोट दुरुस्तीला देताना शेठ कौतुकानं म्हणाला. तापीवर भर दुपारी, इंजिनच्या धडधडाटात पोरं झोपतात? मी मागची सीट उचलली. खाली इंजिन, आणि सगळीकडे काजळी. धूर बाहेर सोडणारा रबरी पाइप चिरला होता. "शेठ, ही झोप नाही. धुरानं पोरं बेशुद्ध पडतायत. नवा पाइप येईपर्यंत बोट बंद." "उद्या कामरेजच्या शाळेची सहल आहे, बेन. टेप मारून द्या." "गरम पाइपवर टेप टिकत नाही." "मग दुसरा मिस्त्री देईल मारून. सुरतेत तुला काम कोण देतं, तेच बघतो!" मी पाइपचे क्लॅम्प सोडले, तो बाहेर ओढला आणि सुरीनं उभा फाडला. दोन्ही तुकडे त्याच्या हातात ठेवले. "बोलवा मिस्त्रीला. म्हणावं, मार आता टेप."