गॉर्डीचं टेबल

गॉर्डीने तळघरातच फळ्या कापल्या, सरस लावून सांधे पक्के केले, वर हिरवं कापड ताणून बसवलं. आठ जणांचं पोकरचं टेबल झालं खरं, पण ते जिन्यातून वर निघेना.

"बरंच झालं," तो हसला होता, "मी मेलो तरी बायकोला हे विकता यायचं नाही!"

हिवाळ्यात त्याचे पाय लुळे पडले. त्याला उचलून खाली न्यायला म्हाताऱ्या मित्रांच्या कमरेत जोर नाही. गुरुवारी ते बीअर घेऊन खाली उतरतात. तो जिन्याच्या तोंडाशी चाकांच्या खुर्चीत बसतो.

"गॉर्डी, तुझेही पत्ते वाटले रे!" खालून लॉयड ओरडला.

"काय आलंय?"

खाली लॉयडने पत्ते गोळा करून टेबलावर ठोकले.

"पालथेच बाद केले. जागेवर नसेल त्याचे पत्ते बघायचे नाहीत, हा नियम तुझाच ना, बाबा."