साफ केलेला आवाज

फिल्मच्या एक्सपोर्टची पट्टी अकरा टक्क्यांवर अडली होती. उरलेला वेळ : सात तास.

मागच्या खुर्चीत धोंडुबाई बसून होत्या. कोडोलीहून नातीच्या लग्नाची फिल्म न्यायला आल्या होत्या. नात अनुजा संध्याकाळी मुंबईला आणि तिथून नवऱ्याबरोबर कॅनडाला निघणार होती.

"हुतंय का न्हाय गं पोरी? आज गेली की पोरगी दोन वर्सं न्हाय दिसायची."

"होईल, आजी. जरा अडलंय."

संयोगितानं सगळं करून पाहिलं होतं. डिस्क मोकळी केली. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. चित्राचा दर्जा एक पायरी खाली आणला. फरक पडला नाही. कॉम्प्युटर तिच्या वडिलांचा, आबांचा; स्टुडिओही त्यांचाच. त्यांना जाऊन महिना व्हायचा होता, आणि हे त्यांचं शेवटचं शूटिंग.

बापलेकीनं काम वाटून घेतलेलं. आबा लग्न शूट करायचे, आवाज साफ करायचे आणि मगच सगळं पुण्याला तिच्याकडे पाठवायचे. ती कापून जोडायची. "कच्चा आवाज तुला नको. हलगी, जनरेटर, नुसता कालवा," म्हणायचे. फोनवरही थोडकंच बोलायचे. "मांडवात हाय, ठेवतो."

आबांची मूळ फाइल तिनं आज पहिल्यांदा उघडली होती. एक्सपोर्ट थांबवून ती एकेक थर तपासू लागली. चित्रात काही नव्हतं. आवाजाच्या प्रत्येक तुकड्यावर मात्र फिल्टर होते, एकावर एक तीन-तीन. जुनं मशीन त्यांच्याखाली दबलं होतं. तिनं ते बंद केले. आता लागणारा वेळ : वीस मिनिटं.

खात्रीसाठी तिनं अक्षतांचा प्रसंग लावला. हलगी होती, जनरेटर होता. ते तर साफ होऊन आलेल्या आवाजातही नेहमी असायचे. नवीन एकच गोष्ट होती. कॅमेऱ्याच्या अगदी मागून येणारा खोकला. कोरडा, खोल, दाबू पाहूनही न दबणारा.

तिनं घाईनं फिल्म थांबवली.

"माफ करा, आजी. अशी देता येणार नाही. खोकला काढावा लागेल. उद्या पाठवते."

"आकाराम हाय की त्यो, तुझा बा," धोंडुबाई म्हणाल्या. "त्येला काय काढायचं? अख्ख्या मांडवानं ऐकलाय. थोरल्या नातीच्या लग्नात बी असाच खोकत हुता."

संयोगितानं फिल्टर बंदच ठेवून एक्सपोर्ट दाबलं. पट्टी भराभर पुढं सरकू लागली.

"म्या म्हटलं बी त्येला," धोंडुबाई पदर सावरत म्हणाल्या, "आकाराम, दवाखाना कर, आन् पुण्याच्या लेकीच्या कानावर घाल. तर हसला. म्हणाला, तिच्याकडं समदं साफ करूनच धाडतो मी."