तबकातलं चाक

सासऱ्यांच्या पश्चात पितळी भांड्यांना पॉलिश करायचं दुकान दोघी जावाच चालवत होत्या. थोरलीचं काम चोख. फिरत्या चाकावर भांडी घासून चमकवायचं बफिंगचं मशीन टेबलाला घट्ट आवळलंय ना, हे हलवून बघायचं, अंबाडा रुमालात बांधायचा, चष्मा लावायचा, मगच बटण दाबायचं. वस्तू चाकाच्या खालच्या अंगालाच धरायची, म्हणजे चाकाने हिसकावली तरी तोंडावर येत नाही.

त्या दुपारी पितळी तबक घासता घासता आरशासारखं लख्ख झालं आणि त्यात तिला स्वतःचा चेहरा दिसला. केस मोकळे होते.

तिने मशीन बंद करून डोकं चाचपलं. रुमाल जागच्या जागी होता.

"अगं, माझे केस सुटलेत का बघ."

धाकटी हसली. "चांगले घट्ट बांधलेत की, ताई. उगाच कशाला जीव टांगणीला लावताय?"

तरी थोरलीने प्लगही उपसला. चाक मंदावत थांबलं. मग धीर करून तिने तबक पुन्हा समोर धरलं.

तबकातलं चाक गरगर फिरत होतं आणि तिच्याच चेहऱ्याची ती बाई, केस मोकळे सोडून, हळूहळू त्यावर वाकत होती.

तिच्या हातून तबक निसटलं.

"ताई," धाकटीचं हसू मावळलं होतं, "चाकावर अशा वाकताय कशाला?"