चावणारी चप्पल

ग्रंथपालबाईंनी बँकेचं स्टेटमेंट तीनदा वाचलं. नवऱ्याच्या कार्डावरून बायकांच्या चपलांच्या दुकानात तीनदा खरेदी झाली होती, पण घरात नवी चप्पल आलीच नव्हती.

"त्या दुकानाची मी पायरीसुद्धा चढलेलो नाही," रात्रपाळीहून आलेला नवरा म्हणाला आणि झोपायला गेला. बाईंचा जळफळाट झाला. कोण असेल ती? तिचे पाय नाजूक असतील का?

बँकेतला कारकून म्हणाला, "तक्रार नोंदवतो, पण दुकानातून पावत्या आणा."

त्या दुकानात शिरताच दुकानदार हसला. "या ताई. हीपण चप्पल चावली का? साहेब नाही आले आज?"

"मी इथे पहिल्यांदाच येतेय."

त्याने गोंधळून पावत्या पुढे केल्या. तिन्हींवर बाईंचीच सही होती.

त्यांनी नवऱ्याला फोन लावला. तो एका बाईने उचलला.

"आत्ताच डोळा लागलाय त्यांचा," ती हळूच म्हणाली. आवाज ग्रंथपालबाईंचा स्वतःचाच होता. फक्त त्यात इतकी माया होती, की तशी त्यांना कित्येक वर्षांत जमली नव्हती.

"कोण बोलतंय?" तिने विचारलं.