चावरी

"चावरी आली, पोरं सांभाळा गं," करंदीकर काकूंनी दारातच हसून स्वागत केलं. दाढा येत असताना माझी ऋजू एकदा कुणाला तरी चावली होती. आता ती चार वर्षांची आहे, पण सोसायटीची स्मरणशक्ती दांडगी.

काकूंच्या नातवाचं बोरन्हाण होतं. त्याच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, गोळ्या ओतल्या आणि सगळी मुलं वेचायला धावली. ऋजूही उठली, तसा काकूंनी तिचा दंड धरला. "तू आईच्या मांडीवर बस हं. तुला वाटीत देते."

तेवढ्यात घोळक्यात नातू किंचाळला. त्याच्या मनगटावर दातांचे ठसे होते. सगळ्या माना माझ्या मांडीकडे वळल्या. ऋजू तिथेच बसलेली. चावला होता शेजारच्यांचा गुटगुटीत मुलगा. "खेळकर आहे हो," काकू कौतुकाने म्हणाल्या. मग ऋजूचा गाल ओढत, "काय गं चावरे, आज उपाशीच का?"

ऋजूने माझ्याकडे पाहिलं, मग त्या बोटाकडे, आणि कचकन चावली.

"बघा, मी म्हटलं नव्हतं?" काकू बोट चोळत म्हणाल्या. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

ऋजूने मांडीवरून उतरत मला हळूच विचारलं, "आता जाऊ वेचायला?"