कुलुपातले इष्टलिंग

पेजेची वाटी दुपारीही भरलेलीच परत गेली. गुरुबसप्पांनी भिंतीकडे तोंड फिरवले होते. पोटातली गाठ निघाली होती, टाकेही कोरडे होते; पण शस्त्रक्रियेपासून त्यांनी अन्नाला स्पर्श केला नव्हता. असे चालले तर माणूस हाती लागणार नाही, असे डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला, नागव्वाला, स्पष्टच सांगितले होते.

शेवटी दवाखान्याच्या समाजसेविका बाई खाटेशी आल्या. डॉक्टर आणि नातेवाईक यांच्यामधला दुवा होणे, हे त्यांचे काम. त्यांनी औषधांची चौकशी केली नाही. घरी भवानी पेठेत हे सकाळी उठून काय काय करतात, एवढेच विचारले. नागव्वा अडखळत सांगू लागली. गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, असताना पहाटेची पाळी असली तरी इष्टलिंगाची पूजा झाल्याखेरीज त्यांनी कधी पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

"मग आता लिंग कुठे आहे?"

"आपरेशनच्या आधी शिस्टरनी गळ्यातनं काढून घेतलं की. रुप्याची डबी हाय म्हणून कपाटात कुलपात ठिवली. मागितली तर रागावतील म्हणून मी गप बसले, बाई."

बाई लगेच उठल्या. कपाटाची किल्ली मेट्रनकडे होती आणि मेट्रन रजेवर गावी गेल्या होत्या. बाई मोठ्या साहेबांच्या दाराशी तिष्ठत उभ्या राहिल्या, दुसरी किल्ली मिळवली, कपाट उघडून घेतले. खाटेभोवती पडदा लावण्याची परवानगीही त्यांनीच आणली. आता बाई स्वतःच विभूती फासून बसणार, अशी वॉर्डातल्या आयांनी थट्टा केली. बाईंनी त्यांच्यातल्याच एकीला विभूती आणायला पिटाळले.

खाण्याची अडचण तेवढीच होती, याविषयी आता कोणाला शंका उरली नाही. नागव्वाच्या मनात दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदाच घरी परतण्याचा विचार आला. तिने पेज पुन्हा गरम करून आणली.

गुरुबसप्पा उशीला टेकून बसले. त्यांनी डाव्या तळहातावर लिंग घेतले, पाणी वाहिले, विभूती लावली आणि डोळे मिटले. पूजा संथपणे झाली. लिंग डबीत ठेवून त्यांनी ती नागव्वाकडून गळ्यात बांधून घेतली. इतक्या दिवसांचा कपाळावरचा ताण उतरला. पडद्याच्या फटीतून बाईंनी ते पाहिले आणि समाधानाने मान हलवली.

"आता तरी दोन घास घ्या की, री," असे कानडी वळणाने विनवत नागव्वाने चमचा पुढे केला.

त्यांनी तिचा हात हळूच बाजूला सारला आणि गळ्यातल्या डबीवर तळवा ठेवला.

"नको, नागव्वा. ह्याच्याबिगर जाता येत नव्हतं, म्हणून तर थांबलो होतो."