मूठभर खसखस

“‘एरॉलला सोडा’ नको. ‘एरॉलला घरी पाठवा’ असं लिही,” क्लेमेंटीन टीचर म्हणाल्या. “घर म्हटलं की माणूस विरघळतो.”

सुझानने फलकावर पेन्सिलीने लिहिलेलं ‘सोडा’ खोडलं. उजव्या मनगटातून कळ आली, तसा तिने ब्रश डाव्या हातात घेतला.

रविवारच्या मिसानंतर नंदाखालच्या चर्चच्या आवारात टीचरांचं टेबल लागायचं. टीचर आणि त्यांची चार माणसं कित्येक वर्षं जगभरच्या तुरुंगांतल्या अनोळखी लोकांसाठी पत्रं लिहीत होती. कधी आफ्रिकेतला कवी, कधी कुठल्या बेटावरची नर्स. लोक केळ्यांची पिशवी पायाशी ठेवून सही करायचे आणि घरी पोचेपर्यंत नाव विसरायचे. या वेळी पहिल्यांदाच नाव गावातलं होतं.

सुझानचा नवरा एरॉल कामासाठी आखातात गेला आणि तिथल्या विमानतळावरच पकडला गेला. बॅगेत मूठभर खसखस सापडली. आपल्याकडे वाण्याकडे मिळते, तिथे ती अमली पदार्थात मोडते. दोन वर्षं झाली, खटलासुद्धा उभा राहिला नव्हता.

“खसखस हा गुन्हा असेल तर आमच्या सरोजिनीला जन्मठेपच,” सुधाकरकाका म्हणाले. ते नायगावच्या टॉवरमधून स्कूटरवर यायचे. “दर दिवाळीला अनारसे करते.”

सगळे हसले. सुझानही हसली, आणि लगेच फलकाकडे वळली.

बॅग तिनेच भरली होती. बाटलीतला मसाला, सुके बोंबील, सुकेळी. खसखशीची पुडी कधी ठेवली ते तिला आठवत नव्हतं. पण त्या दिवसांत तिचं उजवं मनगट प्लास्टरमध्ये होतं, आणि तिला बरंच काही आठवत नसे. शेवटी बॅगेवर क्रूसाची खूण करायला सासू एकटी आत गेली होती. जाणाऱ्याच्या बॅगेला आईचा हात शेवटचा लागायचा, हा त्या घरचा रिवाज. आईने आशीर्वाद दिला आणि बायकोने तुरुंग, असं सुझान स्वतःशी म्हणायची.

गावातल्या बायका तोंडावरच म्हणायच्या, “सुनेने बॅग भरली नि सासूचं घर रिकामं झालं.”

सासू, फ्लॉसी, मात्र कधी काही बोलली नाही. तिच्या नवऱ्याने आखातात अर्धं आयुष्य काढलं होतं. तिकडे काय न्यावं, काय नेऊ नये, हे गाव अजून तिलाच विचारायचं. सुझाननेच तेवढं विचारलं नव्हतं.

टीचर एकदा कार्ड घेऊन घरी आल्या. “दोन ओळी लिही, फ्लॉसी. आईच्या शब्दाला वजन असतं.”

“माझा हात थरथरतो,” फ्लॉसी म्हणाली आणि समोरची फरसबी चिरू लागली. धाग्यासारखी बारीक.

सुझानची मान खाली गेली. आईने अजून माफ केलेलं नाही.

बाहेर कुणाची तरी बाईक थांबली. सुझानची पाच वर्षांची ॲंजेला खेळणं टाकून टेबलाखाली शिरली. बाईक पुढे गेली, तरी ती बराच वेळ बाहेर आली नाही.

“बापाची वाट बघते गं बिचारी,” टीचर म्हणाल्या.

“हो,” सुझान म्हणाली.

“फोन आला होता ना त्याचा? काय म्हणाला?”

“‘येऊ दे मला घरी’ म्हणाला. एवढंच.”

टीचरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

सुझानने सगळ्यांपेक्षा जास्त पत्रं लिहिली. पोरीला झोपवून लिहिली, कढी उतू जाऊ देऊन लिहिली. वकिलाला, दूतावासाला, नाव वाचता न येणाऱ्या मंत्र्याला. टीचरांनी परदेशातल्या अशाच मंडळांना कळवलं, तेव्हा पोलंडमधल्या बायकाही एरॉलसाठी लिहू लागल्या. तुरुंगात माणूस बदलतो, असं टीचर म्हणायच्या. सुझान ते मनात घोकायची. चूक आपली आहे, तर निस्तरायचीही आपणच.

ईस्टरनंतरच्या आठवड्यात टीचर वाडीतून धावत आल्या. चप्पल एकाच पायात होती.

“सुटला! सुटकेच्या यादीत नाव आलं. शुक्रवारी येतोय!”

सुधाकरकाकांनी पेढे वाटले. “इतकी वर्षं लिहितोय,” ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, “आपलं माणूस डोळ्यांसमोर घरी येणार.” सुझानला मधोमध उभं करून फोटो काढला. एरॉलच्या स्वागताला बँड सांगायचं ठरलं. “हस की गं,” कुणीतरी म्हणालं. तिने हसून दाखवलं.

घरी फ्लॉसी ओटीवर बसली होती. मांडीत जपमाळ, पण बोटं हलत नव्हती. ॲंजेला तिला चिकटून बसली होती.

सुझान पायरीवर टेकली. “आई, एरॉल सुटला. शुक्रवारी येतोय.”

फ्लॉसीने नातीला जवळ ओढलं.

“आता तरी माफ करा मला,” सुझान रडू लागली. “बॅग मी भरली. माझ्यामुळे तुमचा मुलगा आत गेला. पण आणला ना मी त्याला परत? आणला की नाही?”

फ्लॉसीने तिचा उजवा हात हातात घेतला. मनगटाचं हाड जिथे वाकडं जुळलं होतं, तिथे अंगठा फिरवला. तिचा हात जराही थरथरत नव्हता.

“मला एकदा विचारायचंस तरी, पोरी,” ती म्हणाली. “ती पुडी मी ठेवली होती.”